शिक्कामोर्तबाचा भ्रम

निळ्या-पांढऱ्या स्मारक-बशांचा संग्रह करणाऱ्या मंडळींमध्ये एक विधी आता रूढ झालेला आहे. बशी हातात आली की प्रथम ती पालथी करावयाची, तळाचा शिक्का वाचावयाचा, शिक्क्यांच्या कोशात तो शोधावयाचा आणि सापडला की 'अस्सल' असा निकाल देऊन बशी पुन्हा सुलट करावयाची. चित्राकडे पाहण्याची वेळ त्यानंतर येते, आणि पुष्कळदा येतच नाही. शिक्का सापडला नाही, तर बशी टोपलीत परत जाते. मराठीत 'शिक्कामोर्तब' हा शब्द एखाद्या गोष्टीचा निर्णय कायम झाला अशा अर्थाने आपण वापरतो. ह्या छंदात मात्र शिक्का आणि निर्णय ह्यांमधले अंतर इतके मिटलेले आहे की निर्णयाला कारणे लागतात ह्याचाही विसर पडावा. प्रस्तुत लेखाचा रोख ह्या विसरावर आहे.

विषय दूरचा आहे हे मान्य. ज्या बशांविषयी येथे लिहावयाचे आहे त्या इंग्लंडच्या स्टाफर्डशायर परगण्यात, बर्स्लेम, कोब्रिज, टन्स्टॉल ह्या एकमेकांना लागून असलेल्या कुंभारगावांत, मुख्यतः १८२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तयार झाल्या आणि जहाजांतून अमेरिकेला गेल्या. पण ज्यांनी राजवाड्यांचे नाव ऐकले आहे, कागदाचे अस्सलपण ठरविताना केवळ मुद्रा पाहून भागत नाही, कागद, वळण, मायना, कालगणना हे सारे पारखावे लागते, हे ज्यांना शाळेपासून ठाऊक आहे, त्यांना ह्या वादाचे मूळ ओळखीचे वाटेल. घटना जुनी म्हणून ती सांगणारी बखर तेवढीच जुनी, असे आपण म्हणत नाही. बशीच्या बाबतीत मात्र चांगले शिकलेसवरलेले लोक नेमके हेच म्हणताना आढळतात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. तांब्याच्या पत्र्यावर कारागीर हाताने चित्र कोरी. पत्रा तापवून त्यात कोबाल्टची तेलकट निळी शाई भरीत, त्यावर ओला पातळ कागद दाबून छाप घेत, आणि तो छाप एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या बशीवर उलटा चिकटवीत. हे काम बहुधा स्त्रिया करीत. कागद ताठ ब्रशाने घासावयाचा, पाण्याने धुऊन काढावयाचा, तेल जळून जावे म्हणून बशी पुन्हा थोडी तापवावयाची, मग झिलईत बुडवून शेवटची भट्टी. कोबाल्ट हा त्या भट्टीच्या उष्णतेत टिकणारा रंग, म्हणून झिलईखालच्या छपाईला सुरुवातीला निळ्याची मक्तेदारी मिळाली. गुलाबी, तपकिरी, जांभळे छाप १८३० च्या आसपासपासून बाजारात दिसू लागतात. म्हणजे 'निळे-पांढरे' हे ज्याला आपण अभिजात अभिरुची समजतो, ते मुळात रसायनाने घातलेले बंधन होते.

ह्या प्रक्रियेत एक गोष्ट जन्मतःच नाही : 'मूळ प्रत'. प्रत्येक बशी ही प्रत आहे. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्रही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी छापील चित्रावरून उचललेले असे. इंग्लंडमध्ये १८४२ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा होईपर्यंत ही उचलाउचल राजरोस चालली होती. म्हणून 'ही बशी खरी का?' हा प्रश्न चित्राच्या बाबतीत विचारतात त्या अर्थाने येथे विचारताच येत नाही. विचारता येतो तो एवढाच : ही बशी कधी, कोठे, कोणाच्या भट्टीत झाली? आणि तिच्याविषयी जे सांगितले जात आहे ते तिच्या अंगावरच्या पुराव्याशी जुळते का? 'अस्सल' हा शब्द ह्या दोन प्रश्नांना झाकून टाकतो. विक्रेत्याच्या सोयीचा असल्यामुळेच तो इतका लोकप्रिय आहे.

आता ह्या बशांतली गंमत पाहा. ११ सप्टेंबर १८१४ रोजी शँप्लेन सरोवरावर अमेरिकन आरमाराने मॅकडोनो ह्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश आरमाराचा पराभव केला. त्याच वर्षी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहरात घुसून सरकारी इमारती जाळल्या होत्या, म्हणजे वैर अगदी ताजे होते. पुढे काही वर्षांतच बर्स्लेमचा इनॉक वुड हा इंग्रज कुंभार 'मॅकडोनोचा विजय' ह्या शीर्षकाच्या गडद निळ्या बशा छापून अमेरिकेला पाठवीत होता. स्वतःच्या देशाचा पराभव स्वतःच्या भट्टीत भाजून शत्रूला विकणे! तसाच लाफायेत. ज्या फ्रेंच सरदाराने तरुणपणी इंग्लंडविरुद्ध अमेरिकेच्या बाजूने लढाई केली, तो म्हातारपणी १६ ऑगस्ट १८२४ रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरला, तेव्हा अमेरिकेत जो उत्साह उसळला त्याचा लाभ कोब्रिजच्या जेम्स आणि राल्फ क्लूज ह्या बंधूंनी उठविला. त्यांची 'लाफायेतचे आगमन' ही मालिका आजही संग्राहकांच्या कपाटांत सर्वांत जास्त दिसणाऱ्या मालिकांपैकी आहे. (भक्तीचा धंदा करूनही ते तरले नाहीत, १८३४ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले.)

ही बशी १८२५ ची आहे की १९२५ ची, ह्याने काय फरक पडतो, असे विचारणारे असतात. फरक असा पडतो : १८२५ ची असेल, तर राष्ट्रप्रेम ही आयात करण्याची वस्तू होती, आणि ती कालच्या शत्रूकडून आयात होत होती, ह्याचा ती साक्षात पुरावा आहे. १९२५ ची असेल, तर ती शंभर वर्षांनंतरच्या स्मरणरंजनाचा पुरावा आहे. दोन्ही पुरावे मोलाचे आहेत, पण ते दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. एकाला दुसरे म्हटले की दोन्ही साक्षी फुकट जातात.

शिक्क्याइतकीच दुसरी एक अंधश्रद्धा ह्या क्षेत्रात आहे. बशीवर जी तारीख छापलेली असते ती बशीची जन्मतारीख समजण्याची. इनॉक वुडच्याच भट्टीतली 'पूर्वजांचे प्लिमथला आगमन' ही बशी घ्या. तिच्यावर २२ डिसेंबर १६२० अशी तारीख आहे. काठावरच्या पट्टिकांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याची ४ जुलै १७७६ ही तारीख आहे आणि वॉशिंग्टनचे जन्म-मृत्यूचे सन आहेत, १७३२ आणि १७९९. तीन काळ एका काठात! ह्या सगळ्या तारखांतून निर्मितीविषयी निष्पन्न काय होते? एवढेच, की ती १७९९ च्या आधीची नाही. बाकी सारे अन्य पुराव्याने ठरवावे लागते. ही बशी १८२० च्या द्विशताब्दीच्या निमित्ताने निघालेल्या लाटेतली आहे हे आपण शैली, माती आणि झिलई ह्यांवरून म्हणतो.

पण ह्या तारखेत त्याहून मोठी मौज आहे. प्लिमथला पहिली तुकडी उतरली ती जुन्या पंचांगाप्रमाणे ११ डिसेंबर १६२० रोजी. सतराव्या शतकात जुन्या आणि नव्या पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून नवी तारीख २१ डिसेंबर. अठराव्या शतकात अंतर अकरा दिवसांचे झाले होते. १७६९ मध्ये प्लिमथच्या मंडळींनी 'पूर्वजदिन' साजरा करावयास घेतला तेव्हा त्यांनी अकरा दिवस मिळविले, आणि उत्सव २२ तारखेला रूढ झाला. बशीवर आहे ती ही चुकीची तारीख. आता एखादा सुविद्य गृहस्थ ही चूक पाहून बशी खोटी ठरवील. वस्तुतः ती चूक त्या बशीच्या काळाशी सुसंगत आहे. इंग्रज कुंभाराने प्लिमथचा इतिहास तपासला नव्हता, गिऱ्हाइकाचा सण तपासला होता. अर्थात नंतरच्या नकलाकाराने बशीवरूनच नक्कल केली तर ही चूकही नकलेत जशीच्या तशी येणार. म्हणून चूक हा अस्सलपणाचा दाखला होत नाही. बशी बाद करण्याचे ते कारण नव्हे, इतकेच.

आता शिक्क्यांकडे वळू. शिक्का निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. शिक्का हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. काही तपासण्या तर इतक्या सोप्या आहेत की त्या न करणे ही निव्वळ हयगय ठरते. ब्रिटिश राजचिन्ह शिक्क्यात असेल तर ढालीच्या मध्यभागी लहान ढाल आहे का ते पाहावे. ही हॅनोव्हरची ढाल १८०१ पासून १८३७ पर्यंत राजचिन्हात होती; व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा ती गेली. मधली ढाल नसलेले राजचिन्ह मागे आणि '१८२५ च्या सुमाराची' अशी चिठ्ठी पुढे, हा विसंगतीचा नमुना जुन्या वस्तूंच्या जत्रांत सर्रास दिसतो. 'इंग्लंड' हा शब्द असेल तर अमेरिकेचा १८९० चा जकात-कायदा आठवावा. त्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, आणि हे कलम १ मार्च १८९१ पासून लागू झाले. 'मेड इन इंग्लंड' बहुधा त्याहूनही नंतरचे, विसाव्या शतकातले. मात्र ह्याचा व्यत्यास खरा नाही, आणि घोळ तेथेच होतो : 'इंग्लंड' नाही म्हणून १८९१ च्या आधीची, असे म्हणता येत नाही. शब्द घासून काढता येतो. बशी तिरप्या उजेडात धरली तर बुडाशी झिलईची चमक गेलेला एक मंद डाग दिसतो. हा डाग ज्याने एकदा पाहिला तो सहसा विसरत नाही.

नावांचा घोटाळा तर असा आहे की तेथे शिक्का अगदी खरा असूनही फसवितो. वेजवुड हे नाव सर्वांना ठाऊक. जोसाया वेजवुडच्या कारखान्याच्या नावात मधला 'ई' नाही. स्टॉक्टनच्या विल्यम स्मिथच्या कारखान्याने मधला 'ई' घालून त्याच नावाचा शिक्का मारला. वेजवुडांनी १८४८ मध्ये कोर्टाकडून त्याला मनाई आणली. म्हणजे त्या शिक्क्याची बशी खरोखरच जुनी आहे, शिक्काही त्या काळचाच आहे, आणि तरीही शिक्का खोटे बोलतो. ह्या प्रकाराला 'नकली' म्हणणार का? पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तोही त्या काळचाच होता! काळ खरा असल्याने माणूस खरा ठरत नाही.

इनॉक ह्या नावाची कथा आणखी वेगळी. इनॉक वुड हा बर्स्लेमचा. इनॉक वेजवुड हा टन्स्टॉलचा, दुसऱ्या पिढीतला, दुसऱ्या कारखान्याचा. टन्स्टॉलच्या ह्या कारखान्याने अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी, १९७५-७६ च्या सुमारास, 'लिबर्टी ब्लू' नावाचा निळा-पांढरा भोजनसंच काढला. अमेरिकेतल्या एका बचत-संस्थेने तो ठेवीदारांना आकर्षिण्यासाठी करवून घेतला होता. ठराविक रक्कम खात्यात टाकली की बशी मिळे. फिलाडेल्फियाचे स्वातंत्र्यभवन, वॉशिंग्टनचे माउंट व्हर्नन, पॉल रेव्हियरची दौड, असा सगळा देशभक्तीचा सरंजाम त्यावर आहे. मागे स्पष्ट लिहिलेले आहे की ही ऐतिहासिक वसाहतकालीन दृश्ये आहेत, छपाई झिलईखाली आहे, भांडे धुण्याच्या साबणाला दाद देणारे नाही, आणि ते इंग्लंडमध्ये बनलेले आहे. इतक्या प्रामाणिक शिक्क्याची बशी आज 'इनॉक, स्टाफर्डशायर, वसाहतकालीन' अशा तीन शब्दांच्या आधाराने कोणाच्या तरी पणजीची म्हणून विकली जाते. आणि घेणाराही, साबणाचा उल्लेख डोळ्यांनी वाचून, ती घेतो!

येथे कारखान्याने काय पाप केले? काहीही नाही. जॉन्सन बंधूंच्या 'हिस्टॉरिक अमेरिका' मालिकेने, बॉस्टनच्या जोन्स, मॅक्डफी आणि स्ट्रॅटन ह्या व्यापाऱ्यांसाठी वेजवुडने काढलेल्या बशांनी, न्यूयॉर्कच्या रोलंड आणि मार्सेलस ह्यांच्या पर्यटनबशांनी कधीही स्वतःला १८२० च्या म्हणविले नव्हते. त्या आपापल्या काळच्या सरळ स्मृतिवस्तू आहेत. खोटेपणा त्यांच्या भट्टीत शिरला नाही. तो नंतर चिठ्ठीवर आला. मुद्दाम फसविण्याकरिता केलेल्या वस्तू ह्या क्षेत्रात नाहीत असे नव्हे. 'व्हिक्टोरिया वेअर आयर्नस्टोन' असा सिंह-शृंगाश्वाचा दिमाखदार शिक्का मारलेला माल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुटलेला आहे, आणि ज्या राणीचे नाव भांड्यावर आहे तिच्या काळाशी त्याचा संबंध नाही. पण अशा मालापेक्षा भोळ्या चिठ्ठ्यांनी केलेले नुकसान जास्त आहे, असे माझे मत आहे.

शिक्काभक्तांच्या विरुद्ध टोकाला दुसरा एक पंथ आहे. ह्या मंडळींना शिक्क्याची गरज नसते. त्यांना 'हात सांगतो'. बशी उचलली, बोट फिरविले, मान हलविली, झाले. का, असे विचारले तर 'चाळीस वर्षे हेच करतो आहे' हे उत्तर. मराठी समीक्षेत ही जात आपल्या परिचयाची आहे. कविता वाचून 'ह्यात काहीतरी आहे' असे म्हणणारे आणि ते काहीतरी काय, हे सांगण्यास नकार देणारे रसिक आपण पुष्कळ पाहिले. मुरलेल्या हाताला खरोखरच पुष्कळ कळते, ह्याबद्दल वाद नाही. त्याला जे कळते ते सांगता येण्याजोगे असते, आणि तो सांगत नाही, हा वाद आहे. कारण सांगितले की दुसराही ते तपासू शकतो, आणि तज्ज्ञाची मिरासदारी संपते.

हाताला जे कळते ते असे. १८२० च्या दशकातल्या बशीची झिलई किंचित निळसर असते आणि बुडाच्या कड्याच्या कोपऱ्यात, जेथे ती साचते, तेथे हा निळसरपणा स्पष्ट होतो. भट्टीत बशी तीन टोकांच्या आधारावर ठेवलेली असे. त्या आधारांचे बारीक व्रण पाठीशी तीन जागी राहतात. काठाची नक्षी वेगळ्या पट्टीने चिकटविलेली असे, त्यामुळे कोठेतरी दोन टोके जुळत नाहीत. एखादे फूल अर्धे कापलेले, एखादा शिंपला दुसऱ्यावर चढलेला दिसतो. कागदाला सुरकुती पडली असेल तर चित्रात बारीक पांढरी रेघ येते. भिंगातून पाहिले तर कोरीव रेघा आणि हाताने ठोकलेले ठिपके दिसतात, ठिपक्यांचा आकार सारखा नसतो. आधुनिक यांत्रिक छापातले ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे एका मापाचे. जीर्णतेलाही तर्क असतो. बुडाच्या कड्याचा जो भाग टेबलाला टेकतो तोच झिजतो, सुरीचे ओरखडे जेथे जेवणारा कापतो तेथे पडतात. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' केलेली बशी सगळीकडे सारखीच म्हातारी होते. माणसे तशी म्हातारी होत नाहीत, भांडीही नाहीत.

ह्यांतले कोणतेही एक लक्षण निर्णायक नाही. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहीत आहे, कारण हातपंथी आणि शिक्कापंथी दोघेही एका लक्षणावर निकाल देण्यास उत्सुक असतात. निळसर झिलई पुढे मुद्दाम करता येते, जोड मुद्दाम चुकविता येतो, ओलसर मातीत ठसा दाबता येतो. पण माती, झिलई, छाप, भट्टीचे व्रण, झीज, शिक्का आणि चित्रातला आशय ह्या सातही गोष्टी एकाच दशकाकडे बोट दाखवतील असे करणे हा फार खर्चाचा उद्योग आहे, आणि शिल्लक साठ्यातून सामान्य किमतीला विकल्या जाणाऱ्या बशीसाठी तो कोणी करीत नाही. म्हणून तपासावयाचा तो मेळ. आणि शिक्का नसलेल्या बशा टोपलीत टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की त्या काळी शिक्का मारण्याची सक्ती नव्हती. अनेक भट्ट्यांचा चांगला माल कोरा बाहेर पडला आहे. शिक्कापंथाने त्याला अनाथ करून ठेवले.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. एवढी चिकित्सा विद्यापीठाला शोभेल, पण ज्याला भिंतीवर निळी बशी लावावयाची आहे त्याला ती आवडली म्हणजे पुरे. आवडली तर जरूर लावावी. लिबर्टी ब्लू सुद्धा भिंतीवर चांगलीच दिसते. परंतु हा गृहस्थ बशीच्या शेजारी '१८२४' अशी पितळी पट्टी लावतो, पाहुण्यांना लाफायेतची गोष्ट सांगतो, आणि किंमतही त्या पट्टीचीच मोजतो. सौंदर्याचा युक्तिवाद करावयाचा आणि पैसे मात्र इतिहासाचे द्यावयाचे, हे दोन्ही एका वेळी चालणार नाही.

प्रमाणपत्रांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. विकणाऱ्यानेच दिलेले 'अस्सलतेचे प्रमाणपत्र' हे आरोपीने स्वतःला दिलेले चारित्र्याचे दाखलापत्र आहे. मला प्रमाणपत्राऐवजी चार ओळी पुरतील : बहुधा १८२० ते १८३५, शिक्का नाही, काठाची नक्षी अमुक भट्टीच्या ज्ञात नमुन्याशी जुळते, डाव्या काठाला दुरुस्ती, अतिनील प्रकाशात दिसते. 'बहुधा' ह्या शब्दाची किंमत कमी होते असे विक्रेते म्हणतात. होत असेल.

ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणा निघाला तो खुद्द इनॉक वुड. तो कुंभार होता तसा संग्राहकही होता. आपल्या परगण्याची जुनी भांडी त्याने जमविली होती. मातीची भांडी कशाने ओळखली जातात आणि कशाने विसरली जातात हे त्याला ठाऊक होते. १८२८ मध्ये बर्स्लेमला सेंट पॉल चर्चची पायाभरणी झाली तेव्हा त्याने आपल्या कारखान्याची भांडी पायात पुरून ठेवली. १९७४ मध्ये ते चर्च पाडले गेले आणि पायातली भांडी बाहेर आली. ती १८२८ नंतरची असू शकत नाहीत, कारण त्यांच्यावर चर्च उभे होते.